उतारावरचा दगड

उतारपाड्याच्या माणसाला तुम्ही रस्ता विचारलात, तर तो हमखास म्हणेल, "रूळवाटेनं जा." रूळ मात्र शोधून सापडणार नाही. तो जाऊन सत्तर वर्षं होत आली. वाटेचं नाव काही बदललं नाही आणि ते बदलायची कोणाला घाईही नाही.

झरीच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पोटाशी हा पाडा. इंग्रजांच्या काळात लाकडाच्या कुठल्याशा ठेकेदारानं इथून थेट डहाणू रोडपर्यंत सोळा मैलांची अरुंद लाइन टाकली. वरून साग जायचा, गवत जायचं. उतार होता तिथं भरलेले डबे आपल्या वजनानं खाली यायचे, सपाटीला त्यांना बैल जुंपायचे. इंजिन नावाचा प्रकार त्या लाइनीनं कधी पाहिलाच नाही, तरी लोक तिला ऐटीत रेल्वे म्हणायचे. पुढं ट्रक आले, लाइन बंद पडली आणि रूळ उपटून नेले. जे मागं राहिलं ते लोकांनी घरी नेलं. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांच्या दाराच्या चौकटी झाल्या, नरपडच्या एका वाडीत डब्याचं चाक विहिरीवर चढलं, आणि हातभर रूळ झरीच्या शाळेत घंटा म्हणून टांगला गेला. तो अजून वाजतो.

सुदामला या सगळ्याचा भारी अभिमान. तो स्वतः मोठ्या रेल्वेत चौतीस वर्षं ट्रॅकमन होता, घोलवड ते वाणगाव. मागच्या वर्षी रिटायर झाला. "रेल्वे आमच्या रक्तात हाय," असं तो चहाच्या टपरीवर कोणी विचारलं नाही तरी सांगायचा. रक्त म्हणजे त्याचा आजा हाल्या. हाल्या त्या जुन्या लाइनीवर डब्यांचा ब्रेक सांभाळायचा, आणि मेला तोही ब्रेकच्या दांड्याला लटकूनच.

ती गोष्ट पाड्यातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. ऐंशी वर्षांपूर्वीची वाघबारस. वाघदेवाचा दिवस म्हणून सकाळी सगळ्यांनी देवाच्या दगडांना शेंदूर लावला होता, पण ठेकेदाराला कसली बारस? काम चालूच होतं. गवतानं भरलेला डबा उताराच्या तोंडाशी उभा होता आणि वर गवत दाबायला काळी नावाची बाई चढली होती. ब्रेक ढिला असायचा, म्हणून उभ्या डब्याच्या चाकाखाली रुळावर दगड लावायची रीत होती. दगड लावायचं काम जानीचं. तो लावायचा विसरला, डबा सुटला. हाल्या जीव तोडून मागं धावला, उडी मारून त्यानं ब्रेकचा दांडा धरला, पण वळणावर डबा उलटला. हाल्या गेला, काळीही गेली.

जानी तीन दिवस घसा फोडून सांगत होता की मी दगड लावला होता. लोक म्हणाले, लावला होता तर दाखव. रुळाच्या आजूबाजूला कुठं दगड नव्हता. चौथ्या दिवशी हाल्यासाठी जागा बघायला माणसं गेली, तर उताराशेजारच्या मोहाच्या झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड बसलेला. कोणी ठेवला, कोणाला ठाऊक नाही. भगत म्हणाला, वाघदेव आपल्या पायांनी हाल्याजवळ आलाय. मग तिथंच, त्या दगडाच्या बाजूला, हाल्याचा चिरा बसला. नेमका त्याच दिवसापासून जानी गप्प झाला. पुढं वीस वर्षं जगला, पण त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला नाही. पाड्यानं काय ते समजून घेतलं.

चिरा म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावानं बसवलेली लाकडाची फळी. तिच्यावर चंद्र, सूर्य आणि घोडा कोरलेला असतो. चिरा बसेपर्यंत मेलेला माणूस बाहेरच भटकतो, घरच्या देवांत येत नाही. आणि उतारपाड्याची एक रीत अशी, की मेलेल्यावर ज्या घराचं गाऱ्हाणं असेल, त्या घरच्या माणसानं चिऱ्याच्या लाकडावर कुऱ्हाडीचा पहिला घाव घालायचा. घाव पडला की गाऱ्हाणं मिटलं. घाव नाही तर चिरा नाही.

जानीवर दोन घरांचं गाऱ्हाणं होतं, सुदामचं आणि काळीचं. त्याला मरून साठ वर्षं झाली, तरी दोन्ही घरांनी कुऱ्हाडीला हात लावला नव्हता.

जानीची मुलगी रूपीबाय आता शहाऐंशीची. पाठीत वाकलेली, पण कान आणि डोकं शाबूत. नवरा गेला, मूलबाळ झालं नाही. दरवर्षी वाघबारशीच्या आधी ती आळीपाळीनं दोन्ही दारांत येऊन बसायची. मागायची नाही, भांडायची नाही, नुसती बसायची. काळीचा नातू दिपक झरी-तलासरी रिक्षा चालवतो. तो एकदाच बोलला होता, "माझ्या आजीला मारली त्यानं. मी जिवंत हाय तवर घाव पडायचा नाय." सुदाम त्यापेक्षा गोड. तो म्हणायचा, दिपक मानला तर माझी ना नाही. म्हणजे नकाराचं ओझं दिपकच्या डोक्यावर आणि आपण भले. हे त्याचं त्यालाही कळत होतं, पण सोयीचं होतं.

यंदा दोन गोष्टी एकदम आल्या. रूळवाटेचा रस्ता रुंद व्हायचा ठरला, म्हणून हाल्याचा चिरा आणि वाघदेवाचा दगड दहा पावलं मागं घ्यायचे होते. आणि कोसबाडच्या शाळेत शिकवणाऱ्या दक्षाबेन, ज्या तीन वर्षं गावोगाव फिरून या लाइनीचा इतिहास लिहून घेत होत्या, त्यांच्या मजकुराची एक मोठी पाटी ग्रामपंचायत तिथंच लावणार होती. दोन्ही कामं वाघबारशीला.

दक्षाबेननी मजकुराचा कागद सुदामच्या हातात दिला. काका, घरचे म्हणून तुम्ही वाचा आणि खाली सही करा, म्हणजे मला खात्री, असं म्हणाल्या. सुदामनं वाचलं. ‘जानी यांनी चाकाखाली दगड न लावल्यामुळे डबा सुटला. हाल्या यांनी प्राणांची पर्वा न करता...’ आजाचं नाव छापलेलं बघून त्याचे डोळे भरून आले. जानीचं नावही छापलेलं होतं, ते त्यानं वाचलं आणि पुढं गेला.

त्याच संध्याकाळी रूपीबाय आली. तिला कोणीतरी पाटीचं सांगितलं होतं.

"सुदाम," ती म्हणाली, "तोंडातली गोष्ट माणसाबरोबर मरते. पाटी नाय मरत. बापसाचं नाव तेवढं नको लिहू देऊ."

बघतो, असं सुदाम म्हणाला. बघतो म्हणजे काय, हे तिला वयानं माहीत होतं. ती काठी टेकत निघून गेली.

वाघबारशीच्या आदल्या दिवशी दुपारी सुदाम एकटाच पहार घेऊन मोहाखाली गेला. दगड हलवायचा तर पहिला हात रक्ताच्या माणसानं लावायचा, मग दुसऱ्या दिवशी पाड्याचा आताचा भगत धाकल्या येऊन नव्या जागी बसवणार, वरून ताजा शेंदूर चढवणार, असं ठरलं होतं. त्यानं नमस्कार केला, माफी मागितली आणि पहार घातली. दगड उचलताना त्याच्या दोन्ही हातांत काहीतरी सैल झालं. ऐंशी वर्षांच्या शेंदराचं जाड कवच दगडावरून सुटलं आणि दोन तुकडे होऊन पायाशी पडलं.

देवाचं कवच निघणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हे. त्यानं घाईघाईनं दगड पंच्यावर ठेवला आणि तुकडे गोळा करायला वाकला. वाकल्यावर त्याची नजर दगडाच्या तळाकडे गेली.

तळाला खाच होती. पाथरवटानं छिन्नीनं पाडलेली, सरळ, दोन बोटं रुंद. आणि एका अंगाला दगड आतल्या बाजूनं गोलसर घासून गुळगुळीत, काळपट झालेला.

चौतीस वर्षं ज्यानं रूळ पाहिले, त्याला हे कोणी समजावून सांगायला नको होतं. खाच रुळावर बसायची, गोल अंगाला चाक टेकायचं. हा देव नव्हता. हा चाकाखाली लावायचा दगड होता.

तरी मन मानेना. त्यानं ताडाच्या पातीचा तुकडा खाचेत बसवून माप घेतलं आणि तडक झरीच्या शाळेत गेला. दिवाळीची सुट्टी, व्हरांड्यात कुत्रंसुद्धा नव्हतं. टांगलेल्या रुळाच्या माथ्याला त्यानं पातीचं माप लावलं. केसाचाही फरक नव्हता. त्यानं पुन्हा लावून बघितलं, मग तिथंच पायरीवर बसला.

एकेक गोष्ट आपोआप जागेवर पडत गेली, आणि पडायला नको होती अशी पडत गेली. जानीनं दगड लावला होता. वाघबारस होती, त्या दगडाला कोणीतरी शेंदूर फासला होता. एकदा शेंदूर लागला की दगड दगड राहत नाही, देव होतो. आणि हाल्या देवाला भिणारा माणूस, सगळा पाडा सांगायचा. त्यानं देव चाकाखाली बघितला. दुसरा दगड आणू, आधी याला बाहेर काढू, एवढंच त्याच्या मनात आलं असणार. दोन्ही हातांनी देव उचलून त्यानं मोहाखाली ठेवला, डोकं टेकवलं. पाठीमागं डबा हलला.

आजा धावला होता ते खरं. पण कशाच्या मागं धावला होता?

सुदामला वाटलं, कोणी बघितलंय? उद्या भगत नवा शेंदूर चढवेल, पुढची ऐंशी वर्षं निघून जातील. सांगितलं तर नुसतं नाव जाणार नव्हतं. काळीच्या मरणाचं गाऱ्हाणं मग हाल्यावर येणार, आणि हाल्याचा चिरा काळीच्या घरचा घाव न पडताच बसलेला. म्हणजे तो चिरा खोटा, उपटावा लागणार. जानीसारखाच आपला आजाही ऐंशी वर्षं बाहेरच भटकतोय, हे आपल्याच तोंडानं चारचौघांत सांगायचं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही गप्प बसावंसं वाटलं.

मोहाखाली परत येऊन त्यानं दगड पंच्यात बांधला, डोक्यावर घेतला आणि घरी न जाता रूपीबायच्या झोपडीकडे वळला. का वळला ते त्याला सांगता आलं नसतं. बहुतेक तिनं रडावं, आपल्याला शिव्या द्याव्यात आणि मग आपण सुटावं, असं काहीतरी असावं.

रूपीबाय दारात चवळीच्या शेंगा सोलत होती. सुदामनं दगड तिच्यापुढं ठेवला, खाच दाखवली आणि सगळं सांगितलं. तुझ्या बापसाची चूक नव्हती, माझ्या आजाची होती, असंही म्हणाला. ती रडली नाही, दचकलीही नाही. तिनं दगडावर हात फिरवला.

"मना माहीत हाय," ती म्हणाली.

सुदाम तिच्यासमोर खाली बसला.

"शेंदूर मी लावला. सहा वर्षांची होते. आयसनं देवाला लावून वाटी ठेवली, तिच्यात थोडा राहिला होता. मोठी माणसं सगळ्या दगडांना लावत होती, मना वाटलं आपल्या बापसाच्या दगडाला कोणी लावलाच नाय. तो बी रोज एवढा जड डबा धरून ठेवतो. म्हणून लावला."

तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं.

"तीन दिवस बापूस वरडत होता. चौथ्या दिवशी मोहाखाली त्यानं दगड बघितला, वळखला. घरी आला, माझे हात हातात घेतले. नखांत शेंदूर होता अजून. कोयत्याच्या टोकानं एकेक नख साफ केलं. बोलला, कोणाला सांगायचं नाय. नी मग तो बी नाय बोलला."

आपण ज्याला चोराचं गप्प बसणं म्हणत आलो, ते हे होतं. सुदामला तिच्यासमोर मान वर करता येईना. उद्या मी दगडाचं सांगतो, शेंदराचं सांगत नाही, एवढंच बोलून तो उठला. तिनं शेंगांचं सूप पुन्हा पुढं ओढलं.

वाघबारशीला सकाळी मोहाखाली दोनेकशे माणसं जमली. पाटी कापडात झाकलेली. बाजूला सागाच्या दोन ताज्या फळ्या बघून धाकल्या भगत बुचकळ्यात पडला. त्या सुदामनं पहाटे आणून टाकल्या होत्या. शेजारी शाळेची घंटा होती, शिपायाच्या हातापाया पडून सोडवून आणलेली. दक्षाबेन हसत पुढं आल्या, सहीचा कागद मागू लागल्या. सुदामनं तो घडी करून त्यांना परत दिला आणि आधी ऐका म्हणाला.

त्यानं रूळ जमिनीवर ठेवला. पंचा सोडला आणि सगळ्यांच्या देखत दगड रुळावर बसवला. तो खटकन बसला. लोकांना क्षणभर काही उमगलं नाही. मग सुदामनं सांगितलं, थांबत थांबत, पण काही न वगळता. जानीनं दगड लावला होता. माझ्या आजानं काढला. काळीच्या मरणाचं गाऱ्हाणं आमच्या घरावर आहे.

धाकल्या भगत दगडाशी उकिडवा बसला, खाचेत बोट घालून बघितलं. मग त्यानं विचारायला नको तेच विचारलं, रुळावरच्या दगडाला शेंदूर लावला कोणी?

"वाघबारशीला कोणीही लावतं," सुदाम म्हणाला. "आता कोणाला ठाऊक."

"मना ठाऊक हाय," मागून आवाज आला.

रूपीबाय काठी टेकत पुढं आली. लोक बाजूला झाले. तिनं काठी सोडून दिली आणि दोन्ही हात पुढं केले, बोटं पसरून, जशी पोरं गुरुजींना नखं दाखवतात.

"या हातांनी लावला. बापूस माझ्यासाठी गप्प बसला. गाऱ्हाणं असेल तं माझ्यावर घाला, त्याला आत घ्या."

दिपक समोरच उभा होता. त्यानं त्या हातांकडे बघितलं.

"किती वर्षांची होतीस?" त्यानं विचारलं.

"सहा."

दिपकनं भगताकडून कुऱ्हाड घेतली आणि पहिल्या फळीवर घाव घातला. इतका जोरात की फळी चिरते की काय असं वाटलं. मग त्याच फळीवर टेकून तो थोडा वेळ वाकून राहिला. रूपीबाय खाली बसली, कोणीतरी तिला धरलं.

भगतानं दुसऱ्या फळीकडे बोट केलं. जुना चिरा आता चालायचा नाही, हाल्यालाही नवा हवा आणि काळीच्या घरचा घाव हवा, हे त्याला सांगावंच लागलं. दिपकनं सुदामकडे बघितलं. लहानपणापासून दरवर्षी तो या चिऱ्यापुढं नारळ फोडत आला होता, आपल्या आजीला वाचवायला धावलेला माणूस म्हणून.

"याचं मना अजून जमत नाय," तो म्हणाला आणि कुऱ्हाड जमिनीवर ठेवून निघून गेला.

सुदामनं ती कुऱ्हाड उचलून जानीच्या फळीवर आपल्या घरचा घाव घातला, आणि दुपारपर्यंत जानीचा चिरा कोरून बसला. रूपीबायनं त्याच्यापुढं तांदूळ ठेवले आणि साठ वर्षांत पहिल्यांदा बापाला नावानं हाक मारून जेवायला बोलावलं. हाल्याचा जुना चिरा भगतानं उपटून पालापाचोळ्यात आडवा ठेवला. पाटीवरचं कापड कोणी काढलंच नाही. दक्षाबेन ती टेम्पोत घालून परत घेऊन गेल्या, पुन्हा लिहायला लागेल म्हणाल्या. सुदामनं कोरी फळी खांद्यावर घेतली. घरी बायकोनं दार उघडलं, फळीकडे बघितलं आणि ती आत घ्यायला हात लावला. मुलानं मात्र विचारलं. कोणी सांगितलं होतं तुम्हाला ते उकरायला, म्हणाला, आणि जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुदाम दिपकच्या घरी गेला. ओटीच्या खांबाशी जमीन बसून बसून गुळगुळीत झाली होती. रूपीबायची ती जागा. तो तिथंच बसला. दिपकच्या बायकोनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. थोड्या वेळानं दिपक बाहेर आला, त्याच्याकडे न बघता त्यानं रिक्षा चालू केली आणि तलासरीला निघून गेला. सुदाम बसून राहिला.